पाण्याची पाळी आणि पिकाचा नाजूक काळ

रब्बीच्या हंगामात ज्यांची सारी भिस्त विहिरीवर असते, अशा शेतकऱ्यांना दरवर्षी एक अवघड निर्णय घ्यावा लागतो. दिवाळी सरते, थंडी पडू लागते, विहिरीचे पाणी हळूहळू खाली जाऊ लागते आणि शेतात उभ्या असलेल्या शाळूला, गव्हाला किंवा हरभऱ्याला आता एखादेच पाणी देता येईल, फार तर दोन, असे दिसू लागते. हे पाणी आज द्यावे की आणखी पंधरा दिवस थांबावे? पुष्कळ ठिकाणी याचे उत्तर पिकाच्या रंगावरून किंवा शेजाऱ्याच्या उदाहरणावरून ठरते. शेजाऱ्याने पाणी सोडले की आपणही सोडावे, पीक जरा मलूल दिसले की दारे धरावे, असा प्रघात आहे. त्यामुळे पाणी खर्च होते, पीक चार दिवस टवटवीत दिसते, आणि ज्या आठवड्यात त्याला खरोखर पाण्याची निकड असते त्या आठवड्यात विहिरीचा तळ दिसू लागतो.

पाण्याचे प्रमाण तेच ठेवून केवळ देण्याची वेळ बदलली तरी उत्पन्नात मोठा फरक पडतो, ही गोष्ट निरनिराळ्या देशांतील प्रयोगांवरून सिद्ध झालेली आहे. पीक उगवणीपासून काढणीपर्यंत पाणी वापरीत असते हे खरे. परंतु त्याची तहान सर्व काळ सारख्या महत्त्वाची नसते. काही काळ असा असतो की त्यात पडलेला ताण पीक पुढे भरून काढते. काही काळ मात्र असा असतो की त्यातील नुकसान मागाहून कितीही पाणी दिले तरी भरून येत नाही. या दुसऱ्या काळासच पिकाचा नाजूक काळ असे म्हणतात.

कणीस घडते तेव्हा

हा काळ नाजूक का, हे ज्वारीच्या उदाहरणावरून चांगले समजते. ज्वारीचे रोप सुमारे चार आठवड्यांचे होईपर्यंत त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत, पानांच्या पोंग्यात दडलेला असतो आणि केवळ पाने निर्माण करीत असतो. त्यानंतर त्याचे कार्य पालटते. नवी पाने घडविणे थांबवून तो कणसाचा आराखडा घडवू लागतो. कणसाला किती फांद्या असाव्यात आणि त्यांवर दाण्यांसाठी किती जागा असाव्यात हे या दिवसांत, कोणाच्या दृष्टीस न पडता, ठरत असते. शेतकऱ्याला बाहेरून फक्त पानेच दिसतात. पुढे कणीस पोटरीत येते. त्याच सुमारास फुलांत परागकण तयार होत असतात. या वेळी पाण्याची तूट पडली तर परागकण वांझ निघतात, आणि ज्या जागी दाणा भरावयाचा ती जागा रिकामी राहते. फुलोरा आटोपल्यावर दाण्यांची संख्या वाढविणे कोणाच्याही हाती राहत नाही. त्यानंतरचे पाणी फक्त आहेत तेवढे दाणे पोसण्याच्या उपयोगी पडते.

याच्या उलट, पालेवाढीच्या काळात ज्वारी पुष्कळ सोसते. पाने सुरळीसारखी मिटून घेऊन व वाढ थांबवून ती पावसाची वाट पाहत राहते आणि ओल मिळताच पुन्हा वाढीला लागते. यास्तव तीन आठवड्यांच्या ज्वारीचे पान दुपारी मिटले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नसते. तेच पान पोटरीच्या वेळी सकाळीही मिटलेले दिसले तर मात्र उशीर झाला असे समजावे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेने १९७९ साली पिकांचे उत्पन्न व पाणी यांच्या संबंधावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक पिकाच्या निरनिराळ्या अवस्थांना संवेदनशीलतेचे अंक दिलेले आहेत. मक्याचे अंक विशेष बोलके आहेत : पालेवाढीच्या काळात ०.४, फुलोऱ्यात १.५, दाणे भरताना ०.५ आणि पक्वतेच्या वेळी ०.२. याचा अर्थ असा की, त्या त्या अवस्थेत पिकाच्या वापरासाठी मिळणारे पाणी गरजेपेक्षा शेकडा १० ने कमी पडले, तर पालेवाढीच्या काळात उत्पन्न शेकडा ४ ने घटते, परंतु फुलोऱ्यात तेच शेकडा १५ ने घटते. मक्याचा तुरा आणि कणसाचे केस यांचा मेळ थोड्या दिवसांतच बसावा लागतो. पाण्याच्या ताणाने केस बाहेर पडण्यास उशीर होतो, तोवर तुऱ्यातील पराग गळून गेलेला असतो आणि कणीस अर्धवट भरते. ज्वारी मक्याइतकी हळवी नाही. तथापि नियम दोहोंस एकच लागू पडतो.

शाळूचे पाणी

सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, जामखेड या टापूंतील शाळू मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवरच येतो. खोल काळ्या जमिनीत एक मीटर खोलीपर्यंत साधारणपणे १५ ते २० सेंटिमीटर उपयुक्त ओल साठू शकते. सप्टेंबरच्या पावसाने ही साठवण पुरी भरली असेल तर मालदांडी ३५-१ सारखा वाण वरच्या पाण्यावाचूनही कणसावर येतो. जमीन हातभरच खोल असेल तर साठवणही त्याच मानाने थोडी असते आणि पीक पोटरीत येण्याच्या सुमारासच ती संपते. अवर्षणाच्या वर्षी शाळूची उंच ताटे आणि त्यांवर मुठीएवढी कणसे जी दिसतात ती याच कारणामुळे.

या प्रदेशातील कोरडवाहू शेतीचे संशोधन १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे आणि पुढे १९३३ पासून सोलापूर येथे चालले. त्यातून निघालेल्या पद्धतीत बांधबंदिस्ती, दोन ओळींत दीड फुटाचे अंतर, बियाण्याचे कमी प्रमाण आणि वारंवार कोळपणी यांवर भर देण्यात आला. वरवर पाहता या गोष्टींचा पाण्याच्या पाळीशी संबंध दिसत नाही. परंतु त्यांचा हेतू तोच आहे. दाट पेरलेले पीक लवकर हिरवेगार दिसते, पण ते आपल्या वाटणीची ओल पालेवाढीतच संपवून बसते. विरळ पीक ती ओल पोटरीसाठी राखून ठेवते. तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने कोळपणी करावी अशी जी शिफारस आहे, तिच्या मुळाशीही हाच विचार आहे. कोळपणीने भेगा बुजतात आणि वरचा मातीचा थर मोकळा होऊन खालची ओल उडून जाण्यास अडथळा होतो. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी म्हणतात ते यामुळेच.

ज्यांच्याजवळ पाणी आहे त्यांनी शाळूला चार अवस्थांत पाणी द्यावे अशी शिफारस आहे : पेरणीनंतर २८ ते ३० दिवसांनी, पीक पोटरीत असताना ५० ते ५५ दिवसांनी, फुलोऱ्यात ७० ते ७५ दिवसांनी आणि दाणे भरताना ९० ते ९५ दिवसांनी. भारी जमिनीत चौथ्या पाण्याची बहुधा गरज पडत नाही. दोनच पाणी देता येत असतील तर ती पहिल्या दोन अवस्थांत द्यावीत. एकच असेल तर मात्र शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीकडे व आकाशाकडे पाहावे लागते. समजा, २५ सप्टेंबरला पेरणी झाली आहे. पहिली अवस्था २३ ते २५ ऑक्टोबरच्या सुमारास येते आणि परतीचा पाऊस पुष्कळदा तोपर्यंत हजेरी लावून गेलेला असतो. तो चांगला झाला असेल तर विहिरीचे एक पाणी १४ ते १९ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पोटरीसाठी, राखून ठेवणे इष्ट. ऑक्टोबर कोरडा गेला असेल व जमीन मध्यम असेल तर पोटरीपर्यंत थांबण्यात धोका आहे. कणसाचा आराखडाच लहान झाला तर मागाहून दिलेले पाणी पोसणार कशाला?

गव्हाची मुळे

गव्हाचा पहिला नाजूक काळ जमिनीखाली असतो, म्हणून तो सहज लक्षात येत नाही. बियाण्यातून निघालेली पहिली मुळे खाली जातात. परंतु रोपाला पुढे आधार देणारी मुकुटमुळे ही जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी फुटतात. तेवढाच थर सर्वांत आधी वाळतो. कोरड्या मातीत मुकुटमुळे फुटत नाहीत, फुटवे कमी येतात व ओंब्यांची संख्या तेथेच घटते. १९६० नंतरच्या दशकात मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हांचा प्रसार झाला, तेव्हा उत्तर भारतात या पहिल्या पाण्याचे महत्त्व विशेषत्वाने दिसून आले. जुन्या उंच गव्हांना पहिले पाणी चार-पाच आठवड्यांनी देण्याची वहिवाट या बुटक्या वाणांना मानवली नाही.

महाराष्ट्रात गव्हास तीन पाणी देता येत असतील तर ती २० ते २२, ४० ते ४२ आणि ६० ते ६५ दिवसांनी द्यावीत; दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी; आणि एकच असेल तर ४० ते ४२ दिवसांनी, म्हणजे कांडी धरण्याच्या वेळी द्यावे, अशी शिफारस आहे. एकाच पाण्याच्या बाबतीत मुकुटमुळांचा काळ सोडून कांडीचा काळ का धरला, असा प्रश्न येथे पडेल. रान ओलवून, चांगल्या वापशावर पेरलेल्या काळ्या जमिनीत पेरणीची ओल मुकुटमुळांपर्यंत पुरते, आणि चाळिसाव्या दिवशीचे पाणी फुलोऱ्यापर्यंत काही अंशी टिकते. असे ते एक पाणी दोन्ही टोकांना हात देते. हलक्या जमिनीत मात्र तिसऱ्या आठवड्यातच वरचा थर पांढरा पडतो. तेथे एका पाण्यावर गहू घेण्याचा मोह टाळून हरभरा पेरणे अधिक शहाणपणाचे होय.

गव्हाच्या शेवटच्या पाण्याविषयी एक सावधगिरी बाळगावी. ओंब्या भरून जड झाल्यावर वारा सुटलेला असताना पाणी दिले तर पीक लोळते. असे पाणी वारा पडल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री द्यावे आणि वाफ्यात तुंबू देऊ नये.

हरभरा, करडई, भुईमूग

हरभऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याला पाणी कमी पडले तर नुकसान होते, तसे अधिक झाले तरी होते. वारंवार पाणी दिलेला हरभरा नुसता माजतो. पाला वाढतो, घाटे कमी लागतात आणि मर रोगाला वाव मिळतो. सबंध हंगामात त्याला साधारणपणे २५ सेंटिमीटर पाणी पुरते. ३० ते ३५ दिवसांनी फांद्या फुटताना एक आणि ६५ ते ७० दिवसांनी घाटे भरताना दुसरे, एवढ्यावर भारी जमिनीतील पीक चांगले साधते. काळ्या जमिनीत भेगा रुंदावेपर्यंत वाट पाहणे ही मोठी चूक होय. भेगाळलेल्या रानात सोडलेले पाणी भेगांतून खाली जाते, वाफा भरता भरत नाही, आणि पाणी मुळांशी साचून झाडे उभळतात. करडईलाही हेच लागू आहे. तिची मुळे खोल जात असल्याने ती ताण पुष्कळ सोसते, परंतु साचलेले पाणी तिला क्षणभरही खपत नाही.

भुईमुगात आऱ्या जमिनीत शिरण्याचा काळ सर्वांत जपावा लागतो. फूल वर येते आणि शेंग जमिनीत धरते. त्यामुळे उन्हाळी भुईमुगाला ४० ते ४५ दिवसांच्या सुमारास वरची माती कडक झाली तर आऱ्या आत शिरू शकत नाहीत व वरच्या वर वाळतात. येथे पाण्याचे काम केवळ तहान भागविण्याचे नसून माती मऊ ठेवण्याचेही असते. त्यापुढे शेंगा पोसताना, म्हणजे ६५ ते ७० दिवसांनी, दुसरी निकड येते.

खरिपातील पिकांना पाणी देण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो करण्याची वेळ आली. देशात १९०१ पासून झालेल्या नोंदींत तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले सोयाबीन ४५ ते ५० दिवसांचे, म्हणजे नेमके फुलोऱ्यात होते. ज्यांच्याजवळ शेततळे किंवा तुषार संच होता त्यांना त्या आठवड्यात एक हलके पाणी देता येणे म्हणजे फुलगळ थोपविणे होते. सोयाबीनला पुढे ६० ते ७० दिवसांनी शेंगा भरतानाही असाच आधार लागतो.

विहिरीत पाणी किती?

नाजूक काळ कळला तरी तो साधतोच असे नाही. त्याला आडवा येतो तो विहिरीचा हिशेब. एक एकर रानाला ६ सेंटिमीटर जाडीचे पाणी द्यावयाचे तर २ लाख ४३ हजार लिटर, म्हणजे २४३ घनमीटर पाणी लागते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी उभे असेल तर ते भरते सुमारे ११३ घनमीटर. म्हणजे भरलेली दिसणारी विहीर पूर्ण उपसली तरी अर्धा एकरसुद्धा भिजत नाही! बाकीचे काम झऱ्यांचे असते. अशी विहीर रोज एकदा भरत असेल तर दोन एकर शाळू भिजविण्यास चार ते पाच दिवस लागतात, आणि पोटरीच्या पाण्याची शिफारस केलेली मुदत साधारण तेवढीच आहे. दोन दिवसांआड भरत असेल तर जवळजवळ पंधरवडा लागेल, आणि शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेपर्यंत तेथील कणसे निसवून गेलेली असतील.

यास्तव विहीर किती दिवसांत भरते हे नोव्हेंबरच्या आरंभीच मोजून ठेवावे आणि त्यावरून आपण किती रानाला वेळेवर पाणी देऊ शकू हे ठरवावे. पाणी पसरून चार एकरांना उशिरा देण्यापेक्षा दोन एकरांना वेळेवर दिलेले अधिक धान्य देते. ज्या रानाला ते पोचणार नाही तेथे कोळपणी अधिक करावी. एकाआड एक सरीतून पाणी सोडल्यास थोड्या पाण्यात अधिक रान भिजते. तुषार संचाने तीन-चार सेंटिमीटरचे पातळ पाणीही सारखे देता येते; मोकाट पाण्याने ते साधत नाही, कारण पाणी वाफ्याच्या शेवटापर्यंत पोचेतो वरचे टोक अधिक पिऊन बसते.

राज्यात २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनंतर अनेक गावांत तळी झाली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे तळे, बाजूंचा उतार एकास एक धरला तर, २,१९६ घनमीटर पाणी धरते. ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन महिन्यांत रोज चार मिलिमीटरप्रमाणे बाष्पीभवन धरले तर सुमारे २०० घनमीटर पाणी हवेत जाते. अस्तर असलेल्या तळ्यात उरलेल्या पाण्यावर सुमारे सव्वातीन हेक्टरांस एक पाणी होते. अस्तर नसेल तर मुरणारे पाणी यातून निराळे वजा करावे. अशा तळ्याच्या काठी ऊस लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्या पाण्यावर उसाचा एक कोपराही वर्षभर निभणार नाही. मात्र आठ एकर शाळूची पोटरी त्यात निघते.

कालव्याच्या पाण्यावर

कालव्याचे आवर्तन पिकाची वाट पाहत नाही. त्याच्या तारखा धरणातील साठ्यावरून ठरतात आणि रब्बीतील दोन आवर्तनांत कित्येकदा तीन-चार आठवड्यांचे अंतर असते. तेव्हा पाण्याला पिकाकडे वळविता येत नसेल तर पिकाला पाण्याकडे वळवावे लागते. त्याचे साधन पेरणीची तारीख हेच होय. समजा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व पुन्हा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी सुटणार आहे. १० नोव्हेंबरला पेरलेल्या गव्हाची मुकुटमुळे १ डिसेंबरच्या सुमारास फुटतील आणि फुलोरा ९ ते १४ जानेवारीस येईल. दोन्ही पाणी कामी येतील. तोच गहू २५ नोव्हेंबरला पेरला तर पहिले पाणी दहा-बारा दिवसांच्या रोपाला मिळेल, मुकुटमुळांच्या वेळी कालवा कोरडा असेल, आणि दाणे भरण्याच्या वेळी फेब्रुवारीचे ऊन पडू लागेल. आवर्तनाचा कार्यक्रम जाहीर होताच दिनदर्शिकेवर पेरणीपासूनचे दिवस मोजून पाहण्यास काही खर्च येत नाही.

दिवसांचे आकडे वाण, थंडी व जमीन यांप्रमाणे चार-सहा दिवस मागेपुढे होतात, म्हणून शेवटी पिकाकडेच पाहावे. गव्हाचे ताट बुंध्याशी बोटांत धरून दाबल्यास पहिले पेर गाठीसारखे हाताला लागते; कांडी धरल्याची ती खूण. शाळूच्या शेंड्याच्या पानाचा देठाकडील भाग फुगीर दिसू लागला की पोटरी आली. त्याच वेळी ओळींच्या मध्ये वीतभर खोल माती उकरून ती मुठीत दाबावी. तिचा गोळा बनून तो टिकत असेल तर अजून चार दिवस थांबता येते. दाबूनही ती भुरभुरत असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटेच मोटार सुरू करावी, आणि आरंभ रानाच्या उथळ, मुरमाड कोपऱ्यापासून करावा, कारण ओल तेथेच आधी संपलेली असते.